घरच्या मेजावरील नेमबाजीचें पिस्तूल

पिस्तूल हा शब्द कानावर पडतांच सुशिक्षित कुटुंबांतील माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें दरोड्याचें किंवा चित्रपटांतील मारामारीचें दृश्य. या समजुतीला आधारच नाहीं असें कोण म्हणेल? तथापि या शस्त्राच्या कुळांत एक शाखा अशी आहे कीं, जिचें सारें आयुष्य कागदावर छापलेल्या वर्तुळांना भोंकें पाडण्यांत जातें. तिला नेमबाजीचें पिस्तूल म्हणतात. बुद्धिबळाच्या पटावरील घोडा आणि तबेल्यांतील घोडा यांच्यांत जेवढें नातें, तेवढेंच या पिस्तुलाचें रणांगणाशीं नातें, असें म्हणण्याचा मोह होतो; परंतु हा पटावरचा घोडा लाथहि मारूं शकतो, आणि घरांत त्याची निगा राखणाराला हें क्षणभरहि विसरून चालत नाहीं.

या पिस्तुलांत वापरलें जाणारें काडतूस फार लहान असतें. गोळी शिशाची, तिचा व्यास सुमारें ५.६ मिलिमीटर आणि वजन सामान्यतः २.६ ग्रॅम. ‘टू-टू लाँग रायफल’ या नांवानें तें जगभर ओळखलें जातें, आणि अमेरिकेंतील स्टीव्हन्स कंपनीनें तें १८८७ सालीं प्रचारांत आणलें. मोठ्या काडतुसाच्या बुडाशीं मध्यभागीं स्फोटक टोपी बसविलेली असते. येथें तशी टोपी नाहीं. पितळी नळकांडीच्या बुडाला जी बारीक किनार असते, तिच्या पोकळींतच स्फोटक मिश्रणाचा लेप दिलेला असतो. पिस्तुलांतील पोलादी सुई त्या कडेवर आदळली कीं मिश्रण चेंगरून पेटतें आणि आंतील दारूला आग लागते. म्हणूनच यास ‘रिमफायर’, अर्थात् कडेवर पेटणारें, असें म्हणतात. या कल्पनेचें मूळ फ्लोबेर या फ्रेंच कारागिराच्या १८४५ सालच्या कामांत सांपडतें. पुढें १८५७ सालीं स्मिथ अँड वेसन यांनीं तिच्यावर आपलें पहिलें रिव्हॉल्वर उभारलें.

हें काडतूस स्वस्त, त्याचा झटका सौम्य आणि आवाज बेताचा. त्यामुळें शिकाऊ माणसापासून ऑलिंपिकच्या खेळाडूपर्यंत तें सर्वांना मानवतें. मात्र त्याच्या अंगीं एक ठळक दुर्गुण आहे. तें अत्यंत मळकट आहे. गोळीवर मेणाचा किंवा चरबीसारख्या वंगणाचा थर असतो, शिसें मऊ असतें, आणि आंखूड नळींत दारूचे कण पुरते जळतच नाहींत. दर गोळीसरशीं हा सारा ऐवज थोडा थोडा मागें, यंत्राच्या पोटांत, उडत असतो. कांहींशे गोळ्या झाडल्यावर हें पिस्तूल उघडून पाहावें, तर चुलीच्या धुराड्याची आठवण व्हावी अशी काळी चिकट काजळी आंत सांठलेली दिसते. निगेचा सारा प्रश्न या काजळींतून उद्भवतो.

पिस्तुलाची निगा आणि सुधारणा घरच्या घरीं करण्याचा छंद विशेषेंकरून फोफावला तो अमेरिकेंत, आणि त्या छंदाचें अतिशय आवडतें पात्र म्हणजे रुगर कंपनीचें पिस्तूल. विल्यम रुगर व अलेक्झांडर स्टर्म या दोघांनीं १९४९ सालीं कनेक्टिकट राज्यांतील साउथपोर्ट येथें हा कारखाना काढला. भांडवल पन्नास हजार डॉलरचें, आणि तें स्टर्मनें घातलेलें. महायुद्धाहून परतलेल्या एका सैनिकाकडून जपानी नांबू जातीचीं दोन पिस्तुलें घेऊन रुगरनें गॅरेजमध्यें त्यांच्या नकला उतरविल्या होत्या. त्या अभ्यासाचें फळ या नव्या पिस्तुलांत उतरलें. मूठ ओतीव किंवा कोरीव न करतां पोलादी पत्र्याचे दोन भाग दाबून घडवावे आणि ते एकमेकांस जोडावे, ही युक्ति मोठी खर्च वांचविणारी ठरली. पहिल्या पिस्तुलाची किंमत होती ३७.५० डॉलर. स्टर्म १९५१ सालीं अल्पवयांतच वारला; तेव्हां मुठीवरील गरुडाच्या चिन्हाचा लाल रंग काढून काळा करण्यांत आला. त्याच वर्षीं निशाणीचे भाग हलवून जुळवितां येतील असा खास नेमबाजीचा नमुना बाहेर पडला. पुढें १९८२ सालीं दुसरी, २००४ सालीं तिसरी आणि २०१६ सालीं चौथी आवृत्ति निघाली.

या रचनेचा खरा गुण नेमबाजाला चटकन् पटतो. पुष्कळशा स्वयंचलित पिस्तुलांत वरचें सर्व कवच दर गोळीगणिक मागेंपुढें धांवतें आणि मागची निशाणी त्याच्याबरोबर प्रवास करते. रुगरमध्यें नळी आणि तिच्या मागची पोलादी नलिका एकजीव असते. आंत फक्त एक गोल दट्ट्या, ज्यास बोल्ट म्हणतात, तो सरकतो. निशाणीचे दोन्ही भाग स्थिर नळीशीं बांधलेले राहतात. याचें महत्त्व थोड्या गणितानें कळेल. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें २५ मीटरच्या स्पर्धेंतील पिस्तुलाच्या पुढच्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंतचें अंतर २२० मिलिमीटरहून अधिक असतां कामा नये. तेवढ्या अंतरांत जर एका मिलिमीटरची चूक झाली, तर २५ मीटरवर गोळी सुमारें ११४ मिलिमीटर बाजूस जाते. संथ नेमबाजीच्या लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें ५० मिलिमीटर व्यासाचें. म्हणजे निशाणी पाव मिलिमीटरहूनहि कमी ढळली तरी मध्यावरची गोळी दहांच्या कांठावर जाऊन बसते. जेथें हिशेब इतका सूक्ष्म, तेथें ढिल्या स्क्रूला क्षमा नाहीं.

गुणाबरोबर अवगुणहि आलाच. पहिल्या तीन आवृत्त्या उघडणें सोपें, पण पुन्हां जुळविणें कठीण, अशी त्यांची ख्याति आहे. मुठीच्या पाठीमागें एक कडी असते. ती उचलून मुख्य स्प्रिंगचें घर खालीं ओढलें म्हणजे त्याच्याबरोबर वरची खुंटी निघते, बोल्ट मागून बाहेर सरकतो, आणि नळीचा भाग हलक्या हातोडीच्या ठोक्यानें मुठीपासून पुढें सुटतो. येथवर सर्व ठीक. परत बसवितांना मात्र घोड्याला लोंबणारी एक लहान कांडी स्प्रिंगच्या टोपीवर नेमकी टेकली पाहिजे. ती आपल्याच वजनानें झुलत असल्यामुळें पिस्तूल योग्य बाजूस कलतें केल्यावांचून जागेवर येत नाहीं. ती चुकली कीं बोल्ट पुरता मागें येत नाहीं, आणि मालक घाम पुसत सर्व खटाटोप पहिल्यापासून आरंभतो. कित्येक मालकांनीं या त्रासाच्या भयानें वर्षानुवर्षें पिस्तूल उघडलेंच नाहीं. कंपनीनें अखेर २०१६ सालच्या आवृत्तींत मागें एक कळ ठेवली. ती दाबली कीं वरचा भाग पेटीच्या झाकणासारखा उचलला जातो. सदुसष्ट वर्षांनीं का होईना, तक्रार ऐकली गेली.

उघडण्याच्या या क्रियेंतच घरांतील खरा धोका लपलेला आहे. जुन्या तिन्ही आवृत्त्यांत पिस्तूल सुटें करण्यापूर्वीं घोडा पाडावा लागतो, म्हणजेच चाप ओढावा लागतो. नळींत चुकून काडतूस राहिलें असेल, तर सफाईचा पहिलाच हात गोळीबाराचा ठरेल. म्हणून क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा करतां येत नाहीं. आधीं मॅगझीन काढावें, मग बोल्ट मागें ओढून उघडा ठेवावा, आंत डोळ्यांनीं पाहावें आणि करंगळीनें चांचपावें. मॅगझीन न काढतां आधीं बोल्ट ओढला, तर तो परत जातांना नवें काडतूस नळींत ढकलतो, आणि रिकामें झालें अशी समजूत झालेलें पिस्तूल प्रत्यक्षांत भरलेलें असतें. काडतुसें त्या खोलींत असूंच नयेत. पिस्तूल कायमचें भरलेलें आहे असेंच समजून नळीचें तोंड अशा बाजूस ठेवावें, जिकडे माणूस नाहीं आणि जिकडची भिंत पातळ नाहीं.

तिसऱ्या आवृत्तींत या प्रश्नाला एक चमत्कारिक वळण मिळालें. मॅगझीन बाहेर असतां चाप चालूं नये अशी एक सुरक्षेची योजना कंपनीनें तींत घातली. हेतु चांगला, परंतु परिणाम असा झाला कीं, पिस्तूल सुटें करतांना घोडा पाडण्यासाठीं रिकामें मॅगझीन पुन्हां आंत घालावें लागतें. यंत्राच्या सफाईसाठीं ज्या वस्तूला दूर ठेवावयाचें, तिलाच मध्येंच बोलावणें आलें. यावर चिडून अनेक हौशी लोक घोड्यांतील एक लहान नळकांडी बदलून ही योजनाच काढून टाकतात. तसें केल्यानें चाप थोडा मोकळा चालतो आणि मॅगझीन आपोआप खालीं पडतें, हें खरें. तरीहि सुरक्षेचा एक भाग कायमचा उपटून टाकण्यापेक्षां एक मॅगझीन केवळ सफाईसाठीं राखून ठेवावें, त्याच्या बुडाला ठळक लाल रंग द्यावा आणि त्यांत काडतूस कधींच घालूं नये, हा उपाय अधिक शहाणपणाचा. त्याला खर्चहि फारसा नाहीं.

आतां सफाई. पहिली गोष्ट म्हणजे जुन्या पिढीचा एक उपदेश आतां सोडून दिला पाहिजे. १९२० नंतरच्या दशकापर्यंत काडतुसांच्या स्फोटक मिश्रणांत असें क्षार असत कीं, ते नळींत राहिल्यास हवेंतील ओल शोषून एका रात्रींत गंज धरवीत. म्हणून गोळीबारानंतर लगेच कढत पाण्यानें नळी धुण्याची प्रथा होती. आजच्या मिश्रणांत ते क्षार नाहींत. रिमफायरच्या नळीला तर शिसें व मेण यांचा एक पातळ थर बसलेला हवा असतो. तो स्थिर झाला म्हणजेच गोळ्या एके ठिकाणीं पडूं लागतात. दर आठवड्यास पितळी ब्रशानें नळी खरवडणारा मनुष्य आपल्या पिस्तुलाची सेवा करीत नसतो, तो तें झिजवीत असतो. विशेषतः नळीच्या तोंडाची गोल कड जपावी, कारण गोळी सुटण्याच्या अखेरच्या क्षणीं तीच तिला दिशा देते. म्हणून गज नेहमीं मागच्या बाजूनें घालावा. रुगरमध्यें बोल्ट मागून निघत असल्यामुळें हें सहज साधतें.

खरा वेळ द्यावयाचा तो बोल्टाच्या तोंडाला, काडतूस ज्या कोठींत बसतें तिच्या कांठाला, आणि रिकामें नळकांडें ओढून काढणाऱ्या आंकड्याला. या आंकड्याच्या खालीं काजळीचा खडा बसला कीं, तो नळकांडें सोडून देतो आणि पिस्तूल ऐन वेळीं अडतें. दांत कोरण्याची लांकडी काडी या कामीं सुरेख. मॅगझीनच्या आंतील भाग कोरडा पुसावा. त्यांत तेल सोडल्यास तें काडतुसांवर जातें आणि काजळीचा चिखल करतें. तेलाविषयीं सामान्य नियम असा कीं, दिसेल इतकें तेल म्हणजे जास्त तेल. बोल्टाच्या घासणाऱ्या पृष्ठांवर एकेक थेंब, तोहि बोटानें पसरलेला, पुरेसा होतो. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत बाहेरच्या पोलादावर तेलाचा अतिसूक्ष्म हात अधिक वेळां फिरवावा लागेल. आणि चामड्याच्या म्यानांत किंवा स्पंजाच्या पेटींत महिनोन् महिने तें ठेवूं नये, कारण हे दोन्ही ओल धरतात.

सुटे भाग परत बसवितांना एका बारीक खुंटीकडे लक्ष हवें. बोल्टांत सुईला अडविणारी ही आडवी खुंटी असते. रिमफायर पिस्तुलाचा घोडा रिकाम्या कोठीवर पाडला असतां सुई थेट कोठीच्या पोलादी कांठावर आदळून तेथें खळगा पाडूं शकते. रुगरमध्यें तसें होत नाहीं तें या खुंटीमुळें. सफाईंत ती हरवली किंवा घालावयाची राहिली, तर मालक निर्धास्तपणें कोरडा सराव करीत राहतो आणि प्रत्येक टिचकीसरशीं कोठीचा कांठ चेपत जातो. मग काडतुसें अडूं लागतात आणि दोष काडतुसांना दिला जातो.

आणखी एक विषय गृहिणींच्या विशेष अधिकाराचा आहे. ही काजळी म्हणजे निव्वळ धूर नव्हे. तींत शिसें आहे, आणि शिसें शरीरांत गेल्यास, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला, कायमचा अपाय करतें. जेवणाच्या टेबलावर पिस्तूल साफ करणाऱ्या यजमानाला घरच्या माणसांनीं खुशाल उठवून लावावें. हें काम वेगळ्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रांवर, खिडक्या उघड्या ठेवून करावें. चिंध्या व कागद गुंडाळून मुलांच्या हातीं लागणार नाहींत असे टाकावे. हात थंड पाण्यानें व साबणानें धुवावे आणि तोंवर पानसुपारीलाहि स्पर्श करूं नये. नळींतील शिसें काढण्यासाठीं व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचें मिश्रण वापरण्याची एक टूम आहे. शिसें त्यानें सुटतें खरें, पण पाण्यांत विरघळणारा व म्हणूनच अधिक घातक असा शिशाचा क्षार तयार होतो, आणि पोलादावरील निळसर मुलामाहि त्यानें उतरतो. ही टूम घरांत न आणलेलीच बरी.

सुधारणेकडे वळतांना हौशी मनुष्य बहुधा शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो. त्याला नवी जाड नळी हवी असते. वस्तुतः सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे वेगवेगळ्या कारखान्यांचीं पांच-सहा प्रकारचीं काडतुसें आणून, पिस्तूल टेकूवर ठेवून, २५ मीटरवर प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या झाडून पाहणें. एकाच नळींतून एका जातीच्या गोळ्या रुपयाएवढ्या जागेंत पडतात आणि दुसऱ्या जातीच्या बशीएवढ्या जागेंत पसरतात, असा अनुभव येतो. नेमबाजीसाठीं मुद्दाम केलेलीं मंदगति काडतुसें या पिस्तुलांना बहुधा मानवतात.

दुसरी सुधारणा मुठीची, आणि घरीं करण्याजोगें खरें आनंदाचें काम तें हेंच. अक्रोडाच्या लांकडाची मूठ घेऊन, जेथें हाताला पोकळी जाणवेल तेथें लांकूडभुकटीची लुकण भरावी, जेथें टोंचेल तेथें कानशीनें व पॉलिश-कागदानें घासावें. आठवडाभर हातांत धरून पाहावें आणि पुन्हां घासावें. लांकडांत झालेली चूक लुकणीनें भरून निघते. डोळे मिटून हात उंचावला आणि उघडतांच माशी खाचेच्या मध्यभागीं दिसली, तर मूठ जमली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत उतरावयाचें असल्यास मूठ हाताला वेढा घालणारी नसावी व मनगट मोकळें राहावें, असा दंडक आहे. तसेंच काडतुसांविना पिस्तुलाचें वजन, मॅगझीन धरून, १४०० ग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. अमेरिकेंतील देशी स्पर्धांत लाल ठिपक्याची कांचेची निशाणी सर्रास चालते; आंतरराष्ट्रीय पिस्तूल-स्पर्धांत ती चालत नाहीं. पैसे खर्च करण्यापूर्वीं कोठें खेळावयाचें तें ठरवावें.

चापाचा विषय मात्र सर्वांत नाजूक. घोड्याला एक खाच असते आणि तिला एक अडकण धरून ठेवते. चाप ओढला कीं अडकण निसटते. या दोन पृष्ठांचा संपर्क तांदुळाच्या कणीहूनहि बारीक असतो आणि त्यांचें पोलाद वरवर कडक केलेलें असतें. चाप हलका व्हावा म्हणून सहाणेच्या दगडावर हे भाग घासणें, ही घरगुती कारागिरीची लक्ष्मणरेषा होय. कडक थर गेला कीं खालचें मऊ पोलाद झिजूं लागतें. मग अडकण घोड्याला धरीनाशी होते, आणि पिस्तूल एका चापांत दोन गोळ्या सोडतें, किंवा चापाला हात न लावतांहि सुटतें. लांकडाला लुकण असते, अडकणीला नसते. अमेरिकेंत तयार, यंत्रावर अचूक कापलेल्या अडकणी आणि मागें जाण्याची मर्यादा ठरविणारा स्क्रू असलेले चाप विकत मिळतात. बदलावयाचेंच तर ते सबंध भाग बदलावे. २५ मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चापाचा भार निदान १००० ग्रॅम असावा लागतो. नळी उभी धरून चापाला एक किलोचें वजन टांगतात आणि तें जमिनीवरून उचललें गेलें पाहिजे. त्याहून हलका चाप मैदानांत चालत नाहीं, आणि घरांत तर नकोच.

भारतांत या साऱ्याला आणखी एक बंधन आहे. १९५९ च्या शस्त्रविषयक कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगण्यास तर मनाई आहेच, पण शस्त्रांची निर्मिति, विक्री, रूपांतर व दुरुस्ती यांनाहि परवाना लागतो. म्हणून येथील नेमबाजानें सफाई, तेल व मूठ यांपुढें जाऊं नये. अडकण आणि नळी हें परवानाधारक कारागिराचें क्षेत्र. महाराष्ट्राला या खेळाशीं असलेला आपला संबंध अभिमानानें सांगतां येतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१३ सालीं कोरियांतील चांगवोन येथें २५ मीटर पिस्तुलांत विश्वचषक स्पर्धेचें सुवर्णपदक मिळविलें, आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पालेंबांग येथें पुन्हां सुवर्ण जिंकलें. तेथें त्यांचे आणि थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीचे प्रत्येकीं ३४ गुण झाले. पांच गोळ्यांच्या जादा फेरींतहि दोघी बरोबरींत राहिल्या, आणि दुसऱ्या जादा फेरींत तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. जेथें एका गोळीवर पदकाचा रंग ठरतो, तेथें आंकड्याखालचा काजळीचा खडा केवढा मोठा होतो!

कारखान्यांतून आलेलें पिस्तूलहि निर्दोष असतेंच असें नाहीं. २०१७ च्या जूनमध्यें रुगर कंपनीनें त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपूर्वीं तयार झालेलीं चौथ्या आवृत्तीचीं पिस्तुलें परत मागविलीं. सुरक्षेची कळ अर्धवट राहिली असतां चाप ओढला, तर गोळी सुटत नसे. पण नंतर चाप सोडून कळ पुढें सरकविली कीं ती सुटूं शके. असा दोष मालकाला सफाईंत दिसणारा नव्हे. म्हणून सुट्या भागांवरील क्रमांक वहींत टिपून ठेवावा आणि कंपनीच्या सूचनांवर नजर असावी. काढलेले मूळचे भागहि नांवाची चिठ्ठी लावून जपून ठेवावे, कारण पिस्तूल दुरुस्तीस धाडतांना तेच परत बसवावे लागतात.

जुळणी संपल्यावर पहिली चांचणी मैदानावरच. मॅगझीनमध्यें प्रथम एकच काडतूस घालावें, मग दोन. दोन काडतुसें असतां एका चापाला एकच गोळी गेली, आणि दुसरी चाप सोडून पुन्हां ओढल्यावरच गेली, तर अडकण ठीक. असें पांच-सहा वेळां पाहूनच मॅगझीन पुरतें भरावें. एखादें काडतूस पेटलें नाहीं, तर नळी लक्ष्याकडेच रोखून अर्धा मिनिट थांबावें आणि मगच बोल्ट उघडावा. उशीरानें पेटणारें काडतूस विरळा, पण असतें. बाहेर आलेल्या नळकांडीच्या कडेवर सुईची खूण पाहावी. खूण खोल असेल, तर दोष काडतुसाचा; उथळ असेल, तर सुईच्या वाटेंत काजळी आहे किंवा स्प्रिंग थकली आहे, आणि पिस्तूल त्या दिवसापुरतें पेटींत ठेवावें.